माता रमाई : दुखण्यांनी वेढलेला संसार

रमाईंचे नाव उच्चारताच आपल्या समाजात हात आपोआप जोडले जातात. दर वर्षी 7 फेब्रुवारीला वस्त्यावस्त्यांतून त्यांची जयंती साजरी होते, गीते गाइली जातात, फाटक्या लुगड्याच्या आणि गोवऱ्यांच्या आठवणी निघतात. या सर्व गौरवात त्यांच्या आयुष्याची एक बाजू मात्र थोडी मागे राहते. रमाईंचे घर हे जवळजवळ अखंडपणे आजारी माणसाचे घर होते. सासऱ्यांचे शेवटचे दुखणे, एकामागून एक गेलेली लेकरे, उरलेल्या एकुलत्या मुलाची नाजूक प्रकृती, पतीला अकस्मात झालेला अपघात आणि अखेरीस स्वतःचे अंथरूण, असा तो संसार होता. आपल्या निवासी शाळेतील कितीतरी मुलामुलींना घरून येणाऱ्या निरोपाची धास्ती ठाऊक असते. वडील अंथरुणावर आहेत, आईला दवाखान्यात नेले आहे, असे कळल्यावर अभ्यासात मन लागत नाही. त्या मुलामुलींनी रमाईंचे चरित्र या बाजूने एकदा वाचावे, म्हणून हा लेख.

रमाईंचा जन्म दापोलीजवळच्या वणंद या लहानशा गावी 1898 साली झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळच्या बंदरावर माशांच्या टोपल्या वाहण्याचे काम करीत. आईचे नाव रुक्मिणी. समुद्राच्या वाऱ्यात, ओल्या टोपल्या डोक्यावर घेऊन केलेल्या त्या हमालीने शरीर लवकर झिजते. रमाई अजून अजाण असतानाच आईचे छत्र हरपले आणि काही काळाने वडीलही गेले. पोरक्या झालेल्या भावंडांना काका आणि मामा यांनी मुंबईस आणले. आईबापांची दुखणी पाहतच ही मुलगी मोठी झाली. तिला शाळा मिळाली नाही. तिच्या वाट्याला आली ती धाकट्यांना सांभाळण्याची जबाबदारी.

1906 च्या सुमारास भायखळ्याच्या बाजारात त्यांचा विवाह झाला. दिवसभराचा बाजार उठल्यावर, रात्री, मासळी विकण्याच्या उघड्या छपराखाली वऱ्हाडी बसले. नवरदेव भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत होते. वधूचे वय नऊच्या आसपास होते. पहाटे बाजार भरण्यापूर्वी जागा मोकळी करून द्यावयाची होती. ज्या घरात त्या गेल्या ते सुभेदार रामजी सकपाळ यांचे घर शिस्तीचे आणि विद्येची ओढ असलेले होते, पण पैशाच्या बाबतीत सदैव ओढगस्तीचे. परळच्या पोयबावडीतील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्या, हा पुढील पुष्कळ वर्षांचा त्यांचा संसार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत प्लेगने थैमान घातले, त्यानंतर शहर सुधारण्यासाठी हा ट्रस्ट स्थापन झाला होता. रोगराईच्या धाकातून उभ्या राहिलेल्या त्या चाळींत नळ सामाईक, शौचकूप सामाईक आणि एकेका खोलीत एकेक कुटुंब राहत असे. तेथे कोणी आजारी पडले तर ते दुखणे साऱ्या मजल्याला कळत असे.

1913 च्या आरंभी भीमराव नोकरीनिमित्त बडोद्यास गेले. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परत येताना वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते सुरत स्थानकावर उतरले आणि गाडी निघून गेली. मुंबईस पोहोचावयास दुसरा दिवस उजाडला. मुलाची वाट पाहत टिकून राहिलेल्या रामजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरविला आणि 2 फेब्रुवारी 1913 रोजी प्राण सोडला. चरित्रकार हा प्रसंग पुत्राच्या शोकाच्या अंगाने सांगतात, आणि तो शोक खराच होता. पण तो येईपर्यंत त्या खोलीत जी माणसे होती त्यांत पंधरा वर्षांची एक सून होती, आणि तिच्या मांडीवर जेमतेम दीड महिन्याचा यशवंत होता. आजारी माणूस आणि तान्हे मूल एकाच खोलीत सांभाळणे म्हणजे काय, हे ज्यांनी केले आहे त्यांना अधिक सांगावयास नको.

त्याच वर्षीच्या जुलैत भीमराव अमेरिकेस गेले. 1917 मध्ये परतले. 1920 मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि 1923 मध्ये बॅरिस्टर होऊन आले. या दोन्ही काळांत घर चालविले ते रमाई आणि त्यांच्या मोठ्या जाऊबाई लक्ष्मीबाई यांनी. थोरले दीर आनंदराव निवर्तल्यानंतर लक्ष्मीबाई आणि त्यांचा मुलगा मुकुंद याच कुटुंबाचा भाग झाले. दोन बायका, काही लेकरे आणि अपुरा पैसा. या काळातील लंडनहून आलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. नोव्हेंबर 1921 मधील त्या पत्रात बाबासाहेब गंगाधरच्या आजाराची बातमी वाचून दुःखी झाल्याचे कळवितात, रमाईंचा अभ्यास चालू असल्याबद्दल आनंद दर्शवितात, आपणही तेथे अन्नाला महाग असल्याचे सांगतात आणि पैसे पोहोचले नाहीत तर दागिने मोडून घर चालवावे असे सुचवितात. यशवंत आणि मुकुंद यांच्या शिक्षणाची चौकशीही त्यात आहे. हे पत्र मला त्या घराचे सर्वांत खरे चित्र वाटते. एकीकडे मूल तापाने फणफणत आहे, दुसरीकडे आई अक्षरे गिरवीत आहे आणि समुद्रापलीकडे बाप अर्धपोटी पुस्तके वाचत आहे. कोणीही कोणाच्या मदतीस धावून जाऊ शकत नाही.

गंगाधर वाचला नाही. रमेशही गेला, इंदूही गेली. एका मुलाच्या अंत्ययात्रेस कफनाला पैसे नव्हते, तेव्हा रमाईंनी आपल्या लुगड्याचा पदर फाडून दिला, ही आठवण आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. शेवटचा राजरत्न हा बाबासाहेबांचा अतिशय लाडका. जुलै 1926 मध्ये तोही गेला. पुढच्याच महिन्यात दत्तोबा पवार या मित्रास लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी आपण दोघे या धक्क्यातून सावरू असे म्हणणे खोटेपणाचे होईल, अशा आशयाची कबुली दिली. तीन मुलगे आणि एक मुलगी मातीआड झाली, आयुष्याची चव गेली, असे ते पत्र आहे. विद्वत्तेने भारलेल्या त्या लेखणीतून इतके उघडे दुःख क्वचितच बाहेर पडले असेल. रमाईंच्या हाती अशी लेखणी नव्हती. त्यांचे दुःख चाळीतल्या चुलीपाशीच राहिले.

एक गोष्ट येथे स्पष्टपणे म्हणावीशी वाटते. मुलांच्या या मृत्यूंना आपण त्याग म्हणतो. त्याग माणूस आपल्या इच्छेने करतो. रमाईंनी लेकरे त्यागली नाहीत. दारिद्र्याने, दाट वस्तीने आणि वेळेवर न मिळालेल्या औषधाने ती त्यांच्यापासून हिरावून नेली. ज्यांना पिढ्यानपिढ्या पाणी, जागा आणि पैसा नाकारला गेला त्यांच्या घरांत बालमृत्यू हा नियम झाला होता. रमाईंची थोरवी त्यानंतरच्या त्यांच्या वागण्यात आहे. त्यांनी पतीला चळवळीतून मागे ओढले नाही.

आता चाळीसगावकडे येऊ.

1928 साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सदस्य होते आणि खानदेश भागाची पाहणी त्यांच्याकडे होती. ते काम आटोपून सामाजिक बहिष्काराच्या एका प्रकरणासाठी ते धुळ्यास गेले आणि परतताना चाळीसगावच्या अस्पृश्य बांधवांच्या आग्रहावरून तेथे एका मुक्कामासाठी उतरले. तो दिवस 23 ऑक्टोबर 1929 चा. मंडळींनी हारतुरे घालून स्वागत केले. महारवाडा नदीपलीकडे, स्थानकापासून पायी सहज जाता येईल इतक्या अंतरावर. तरीही पाहुण्यांना तासभर ताटकळत बसावे लागले. का, ते त्यांना कळेना.

अखेरीस टांगा आला. थोडे अंतर जातो न जातो तोच तो एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. हाकणारा रोजचा सराईत नव्हता, हे उघड होते. पुढे नदीवरील मोरी लागली. तिला कठडे नव्हते, ठरावीक अंतरावर नुसते दगड बसविलेले होते. रस्ता आणि मोरी यांच्यामध्ये काटकोनी वळण होते. पहिल्याच दगडापाशी घोडा बिचकला, भलत्याच बाजूस वळून उधळला, चाक दगडावर आपटले आणि बाबासाहेब उंच फेकले जाऊन मोरीच्या फरसबंदीवर पडले. घोडा टांग्यासह नदीपात्रात कोसळला. ते बेशुद्ध पडले होते. पलीकडच्या काठावरून माणसे धावत आली आणि बायकामुलांच्या आक्रोशात त्यांना उचलून वस्तीत नेले. अंगाला पुष्कळ ठिकाणी मार बसला होता आणि पायाचे हाड मोडले होते.

मागाहून खरा प्रकार समजला. महाराला बसवून टांगा हाकणे स्थानकावरील टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. दुसरीकडे आपल्या थोर पाहुण्याने पायी वस्तीत यावे हे महारवाड्यातील मंडळींना त्याच्या प्रतिष्ठेस शोभणारे वाटले नाही. मग तडजोड निघाली: टांगा भाड्याने द्यावयाचा, हाकणारा मात्र वस्तीतला. त्या बिचाऱ्याने पूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. पाहुण्याच्या मानासाठी त्याच्या जिवाचा विचार मागे पडला. बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहिला, त्यात या गरीब बांधवांविषयी राग नाही. त्यांना जाणवली ती निराळीच गोष्ट. परदेशांतील विद्यापीठांच्या पदव्या मिळविलेला बॅरिस्टर, कायदेमंडळाचा सदस्य, सरकारी समितीवरचा माणूस; आणि तरीही भाड्याने घोडे हाकणारा एक कष्टकरी स्वतःला त्याच्याहून उच्च समजू शकतो. या आठवणींची पुस्तिका पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1990 साली छापली. आपल्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी ती अवश्य वाचावी, फार मोठी नाही.

या अपघाताने बाबासाहेब वर्ष संपत येईपर्यंत अंथरुणाला खिळले. चरित्रांत हे दोन महिने एखाद्या वाक्यात संपतात, कारण चरित्रे सभा, ठराव आणि प्रवास यांची बनलेली असतात. घराच्या बाजूने मात्र हे दोन महिने फार मोठे असतात. रमाई तेव्हा एकतीस वर्षांच्या होत्या. राजरत्न जाऊन तीन वर्षे झाली होती. यशवंत सतरा वर्षांचा होत आला होता, त्याच्या प्रकृतीची काळजी कायमचीच. स्वतः रमाईंचे शरीर बाळंतपणे, उपासमार आणि उपवास यांनी पोखरलेले. अशा घरात घरधनी पाय मोडून येतो. चाळीत जिना चढवून वर आणलेल्या माणसाला महिनोनमहिने जागेवरून हलता येत नाही. त्याचे सर्व काही अंथरुणावरच करावे लागते, आणि पाणी मात्र सामाईक नळावरून आणावयाचे असते. वकिलीचे उत्पन्न माणूस न्यायालयात उभा राहील तरच मिळते. पायाचे हाड सांधेपर्यंत पक्षकार थांबतातच असे नाही. त्यातच त्या सुमारास ‘बहिष्कृत भारत’ही बंद पडले. त्याचा आर्थिक बोजा बाबासाहेबांच्याच खांद्यावर होता.

या पत्रातच, फेब्रुवारी 1928 मध्ये, बाबासाहेबांनी आपल्या गृहस्थितीविषयी जाहीरपणे लिहिले होते. आपण परदेशी असताना जिने रात्रंदिवस प्रपंचाची काळजी वाहिली आणि परतल्यावरच्या हलाखीत शेणीचे भारे डोक्यावरून आणण्यास जिने मागेपुढे पाहिले नाही, तिच्या सहवासात चोवीस तासांतून अर्धा तासही घालविता येत नाही, असा त्याचा आशय आहे. कामाचा डोंगर उपसणारा पुरुष घरी क्वचितच दिसतो, आणि ते स्वतः ओळखून छापील शब्दांत कबूल करणारा तर त्याहून विरळा. चाळीसगावच्या मोरीने त्यांना सक्तीने अंथरुणावर निजविले. सेवेचे कष्ट रमाईंनाच पडले असतील, यात शंका नाही. तरी मला वाटते, त्या जोडप्याच्या वाट्याला त्या काही वर्षांत एकमेकांजवळ घालवावयास इतके दिवस दुसऱ्या कोणत्याच कारणाने मिळाले नसतील.

पाय बरा झाला. 2 मार्च 1930 रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि ऑक्टोबरात बाबासाहेब पहिल्या गोलमेज परिषदेसाठी विलायतेस निघाले. पुढील वर्षी पुन्हा गेले, त्याच्या पुढील वर्षी पुन्हा. प्रत्येक वेळी मागे राहिलेल्या घरात रमाईंची प्रकृती थोडी अधिक खालावलेली असे. हवापालट व्हावी म्हणून त्यांना एकदा धारवाडला नेण्यात आले. तेथे बळवंतराव वराळे अस्पृश्य विद्यार्थ्यांचे वसतिगृह चालवीत होते. या मुक्कामातील एक हकीकत आपल्यासारख्या वसतिगृही संस्थांमध्ये पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. आवारात रोज खेळणारी मुले दोन दिवस दिसली नाहीत, तेव्हा रमाईंनी विचारणा केली. अनुदान यावयास उशीर झाल्यामुळे कोठारात धान्य नव्हते आणि मुले उपाशी होती. रमाईंनी हातातील सोन्याच्या बांगड्या आणि जपून ठेवलेले दागिने काढून वराळ्यांच्या हाती दिले आणि त्यातून धान्य आणविले. दागिने मोडून घर चालविण्याचा जो सल्ला लंडनच्या पत्रात होता तो त्यांनी येथे परक्यांच्या मुलांसाठी पाळला. चार लेकरे गमावलेल्या आईला ती परकी वाटली नसावीत. त्या स्वतः तेथे औषधपाण्यासाठी आल्या होत्या, ही गोष्ट सांगणारे बहुधा विसरतात.

रमाई भाविक होत्या. पतीच्या सुखरूपतेसाठी उपवास करीत. पंढरपूरला एकदा जावे, विठ्ठलाचे दर्शन घ्यावे, ही त्यांची जुनी इच्छा. बाबासाहेबांनी ती पुरी केली नाही. जेथे चोखोबालाही पायरीपलीकडे जागा मिळाली नाही तेथे आपण बाहेर उभे राहून हात का जोडावे, त्यापेक्षा आपले निराळे पंढरपूर उभारू, असे त्यांचे म्हणणे. या उत्तरातील स्वाभिमान थोर आहे, आणि आजारी पत्नीचे साधे मागणे अपुरे राहिले हेही तितकेच खरे आहे. दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्यात असे मला वाटते.

पोयबावडी सोडून हे कुटुंब दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ या नव्या वास्तूत आले. पुस्तकांसाठी बांधलेले ते घर. मोठ्या खोल्या, उजेड, वारा, घरातच पाणी, सर्व काही आले. पण ते उपभोगण्याइतकी शक्ती रमाईंमध्ये उरली नव्हती. 1935 च्या आरंभापासून त्या बहुतेक अंथरुणावरच होत्या. आता भूमिका उलटल्या होत्या. साऱ्या घराची दुखणी काढणारी बाई स्वतः पडून होती आणि तिच्यासाठी डॉक्टर आणणे, औषधाच्या वेळा पाहणे, हे करणारे पती शेजारी होते. उपाय चालले नाहीत. 27 मे 1935 रोजी ‘राजगृहा’त रमाईंनी देह ठेवला. त्या वेळी त्यांचे वय अवघे सदतीस वर्षांचे होते. अंत्ययात्रेस हजारो माणसे लोटली. बाबासाहेब अनेक दिवस एका खोलीत स्वतःला कोंडून घेऊन मुलासारखे रडले. त्यांनी केस उतरविले आणि काही काळ भगवी वस्त्रेही धारण केली.

1 जून रोजी, म्हणजे मृत्यूनंतर पाचव्या दिवशी, त्यांची मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी नियुक्ती झाली. 13 ऑक्टोबरला येवल्याच्या परिषदेत त्यांनी हिंदू म्हणून न मरण्याचा निर्धार जाहीर केला. रमाईंनी तो ऐकला नाही. ज्या दिवसांत मित्र नव्हते, पैसा नव्हता आणि चिंता मात्र उदंड होत्या, त्या दिवसांत आपल्याबरोबर सोसण्यास सिद्ध राहिलेल्या पत्नीच्या मनाचा चांगुलपणा आणि चारित्र्याची निर्मळता यांचे स्मरण करून बाबासाहेबांनी एक ग्रंथ तिला अर्पण केला. तो ग्रंथ म्हणजे 1940 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेला ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’. अर्पणपत्रिकेत त्यांनी तिचे नाव ‘रामू’ असेच लिहिले आहे, लंडनच्या पत्रांत ते लिहीत असत तसे.